एका डोळ्याचं कोकरू आणि चौदावा दिवस

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. पण ज्यांच्या गोठ्यात किंवा वाड्यात जनावरं आहेत त्यांनी वाचाच.

तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता करताना एक बातमी दरवर्षी ठरलेली असते. कुठे दोन तोंडांचं वासरू, कुठे कपाळावर एकच डोळा असलेलं करडू, कुठे डोकं टरबुजासारखं फुगलेलं रेडकू. फोटो आधी व्हॉट्सअॅपवर फिरतो, मग आमच्याकडे येतो. मथळा तयारच असतो : ‘निसर्गाचा चमत्कार, पाहण्यासाठी गर्दी’. कुणी हळद-कुंकू वाहतं, कुणी कलियुगाचं लक्षण म्हणतं. दोन दिवसांत ते पिल्लू मरतं, खड्डा खणून पुरलं जातं आणि बातमी संपते.

त्या बातमीत एक प्रश्न कधीच नसतो. या पिल्लाची आई गाभण राहिली तेव्हा कुठे चरत होती? काय खात होती? तिला ताप आला होता का?

हा प्रश्न एका ठिकाणी चिकाटीने विचारला गेला. त्याच्या उत्तरातून पुढे कॅन्सरच्या एका औषधापर्यंत वाट गेली. तो इतिहास आज सांगायचा आहे.

आधी थोडं मागे जाऊ. जनावराच्या विचित्र पिल्लाकडे ‘संकेत’ म्हणून बघण्याची सवय फक्त आपलीच नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, मातीच्या विटांवर कीलाकृती लिपीत लिहिलेला ‘शुम्मा इझ्बू’ नावाचा संग्रह सापडला आहे. त्याचे 24 भाग आहेत. विषय एकच : विकृत पिल्लू जन्माला आलं तर त्याचा अर्थ काय. बराचसा भाग मेंढ्यांचा. अमुक अवयव असा असेल तर राजाला जय, तसा असेल तर राज्यावर संकट. निनेव्हेच्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात, इसवी सनापूर्वी सातव्या शतकात, याच्या प्रती जपून ठेवलेल्या होत्या. गंमत बघा, त्या लोकांनी निरीक्षण बारकाईने केलं होतं. कान कुठे, डोळा किती, जबडा कसा, सगळं नोंदवलं. फक्त त्या नोंदीचं बोट राजाकडे दाखवलं, मेंढीकडे नाही.

पुढे युरोपात तर याचं राजकारण झालं. 1522 च्या डिसेंबरात जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, फ्रायबर्गजवळ एक वासरू जन्मलं. त्याच्या डोक्यामागची कातडी अशी लोंबत होती की ख्रिस्ती संन्याशाच्या टोपडीसारखी दिसावी. तेव्हा मार्टिन ल्यूथरचं पोपविरुद्धचं बंड पेटलेलं होतं. ल्यूथर स्वतः संन्यासी मठातून आलेला, म्हणून विरोधक म्हणाले, हे वासरू म्हणजे ल्यूथरच. ल्यूथरने 1523 मध्ये छापील पत्रक काढून उलटा अर्थ लावला : हे वासरू म्हणजे ढोंगी संन्यासीपण, देवाने दाखवलेलं. चित्रासकट पत्रकं खपली. म्हणजे छपाई आली आणि सत्तरेक वर्षांतच वासराचा फोटो ‘व्हायरल’ करून आपल्या पक्षाच्या सोयीचा अर्थ चिकटवणं सुरू झालं होतं. आपण काही नवीन करत नाही आहोत.

संकेताचा काळ सरला तेव्हा त्याची जागा घेतली दुसऱ्या एका शब्दाने : रक्त. वंश. ‘बीजच खराब.’ हे स्पष्टीकरण शास्त्रीय वाटतं, म्हणून जास्त चिवट असतं. काही व्यंगं खरोखरच आनुवंशिक असतातही. पण सगळी नाहीत, हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते डुकरांनी.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फ्रेड हेल नावाचे पशुसंवर्धनाचे संशोधक होते. त्यांनी एका डुकरिणीला ‘अ’ जीवनसत्त्व नसलेल्या खाद्यावर ठेवलं. ती व्याली, 11 पिल्लं झाली आणि एकाही पिल्लाला डोळ्याचा गोळाच नव्हता. खाचा रिकाम्या. 1933 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मग त्यांनी पुढचा, अधिक महत्त्वाचा प्रयोग केला. त्याच आंधळ्या पिल्लांना मोठं करून, नीट खाद्य देऊन, त्यांची पैदास केली. पुढच्या पिढीला डोळे व्यवस्थित होते. दोष बीजात नव्हता, दावणीत होता. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की पिल्लाचा अवयवच घडत नाही, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

आता मुख्य कथा.

अमेरिकेच्या पश्चिमेला आयडाहो नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथे मेंढपाळी जुनी. उन्हाळ्यात हजारोंचे कळप उंच डोंगरांतल्या सरकारी जंगलांच्या कुरणांवर चढवायचे, थंडी आली की खाली उतरवायचे. आपले धनगर दख्खनच्या माळावरून कोकणात उतरतात आणि परततात, तसंच. फक्त ऋतू वेगळे. या कळपांत वर्षानुवर्षं काही कोकरं भयंकर रूप घेऊन जन्मायची. वरचा जबडा आखूड, खालचा पुढे आलेला. डोळे एकत्र आलेले, किंवा कपाळाच्या मधोमध एकच डोळा. कधी त्या डोळ्याच्या वर सोंडेसारखा मांसाचा तुकडा. आत मेंदूही नीट घडलेला नाही. जो दोन अर्धगोलांत विभागायचा तो एकच गोळा राहिलेला. मेंढपाळ त्यांना ‘माकडतोंडी’ म्हणत. वाईट वर्षी काही कळपांत चारातलं एक कोकरू असं निघायचं.

एवढं नुकसान होऊनही ते फारसं बाहेर का आलं नाही? कारण सगळ्यांची समजूत एकच होती : हा वंशाचा दोष. आणि वंशाचा दोष कोण चव्हाट्यावर आणेल? ज्या कळपात ‘माकडतोंडी’ निघतात त्या कळपाचा मेंढा कोण विकत घेईल? म्हणून कोकरं गुपचूप पुरली जायची. आपल्याकडच्या गोठ्यांना ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

1950 च्या दशकात हे प्रकरण अमेरिकी कृषी खात्याकडे पोचलं. युटा राज्यातल्या लोगन गावी त्यांची विषारी वनस्पतींवर काम करणारी प्रयोगशाळा होती. प्रमुख वेन बिन्स, पशुवैद्यक. त्यांनी पहिलं काम केलं ते समजूत तपासण्याचं. ज्या मेंढ्यांना अशी कोकरं झाली होती त्या आणि तशी कोकरं देणारे मेंढे आणून त्यांचा संकर केला. सगळी कोकरं धडधाकट निघाली. वंशाचा आरोप तिथेच गळून पडला.

मग उरलं कुरण. कळप कुठल्या वाटेने जातात, काय खातात, हे पाहणं सुरू झालं. संशय गेला एका झाडावर : व्हेरॅट्रम कॅलिफॉर्निकम. डोंगरातल्या ओलसर गवताळ जागी माजणारं, माणसाच्या उंचीपर्यंत जाणारं, मक्यासारखी रुंद, शिरा उठलेली पानं असलेलं झाड. कोकरांच्या या व्यंगावर बिन्स आणि सहकाऱ्यांचा पहिला निबंध 1959 चा. ते झाड खाऊ घातल्यानेच तसं कोकरू जन्मतं हे दाखवणारा निबंध 1963 चा.

मधली चार वर्षं उगाच गेली नाहीत. अडचण अशी होती की झाड खाल्लं की हमखास व्यंग, असं सरळ नव्हतं. एका मेंढीने खाल्लं आणि काही झालं नाही. दुसरीने खाल्लं आणि एका डोळ्याचं कोकरू. कधी जुळ्यांतलं एक बिघडलेलं, दुसरं चांगलं. मग एकेका दिवसाचा हिशेब लागला. मेंढी फळल्यापासून चौदाव्या दिवशी पोटात ते झाड असेल, तर एक डोळा. तोच पाला महिनाभराने खाल्ला, तर डोळे शाबूत, पण पाय आखूड किंवा श्वासनलिका चिंचोळी. त्याही पुढे खाल्ला तर व्यंग नाही.

चौदावा दिवस. मेंढीचा गर्भकाळ साधारण 150 दिवसांचा. चौदाव्या दिवशी गर्भ काही मिलिमीटरचा असतो. मेंढी गाभण आहे हे मालकाला तर सोडाच, कुणालाच कळत नाही. आणि परिणाम दिसतो तो साडेचार महिन्यांनी, दुसऱ्या ऋतूत, दुसऱ्या जागी. तोवर कळप डोंगर उतरलेला असतो. तिथे ते झाडच नसतं. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये इतकं अंतर पडलं की माणूस कारण स्वतः तयार करतो : देवाचा कोप, वंशाचा दोष, ग्रहण.

उपाय मात्र साधा निघाला. मेंढ्या फळण्याच्या काळात आणि त्यानंतर महिनाभर त्या झाडाच्या कुरणात कळप न्यायचा नाही. औषध नाही, लस नाही, खर्च नाही. फक्त तारखा सांभाळायच्या.

हे संशोधन चालू होतं त्याच काळात माणसांच्या जगात काय घडत होतं ते बघा. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. गरोदर बायकांना मळमळीसाठीही ती दिली गेली. पोटातलं बाळ वारेमुळे सुरक्षित असतं, बाहेरचं सहसा आत जात नाही, असा तेव्हा अनेक डॉक्टरांचाही समज होता. हातपाय न घडलेली बाळं जन्मू लागली. 1961 च्या अखेरीस गोळी मागे घेतली गेली, तोवर जगभरात दहा हजारांवर बाळं त्यात सापडली होती. तिथेही तेच : गोळी घेण्याचे दिवस मोजके, परिणाम महिन्यांनंतर, आणि मधल्या काळात आईवर संशय. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या औषध प्रशासनातल्या अधिकारी बाईंनी कंपनीच्या दबावाला न जुमानता परवानगी अडवून धरली, म्हणून तिथे ती गोळी बाजारात आली नाही.

आईच्या तोंडातून गेलेली वस्तू बाळाचा चेहरा बदलू शकते, हे डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या गोठ्यात दिसत होतं. ते बघायला डॉक्टरांचं जग गोठ्याकडे वळलं नव्हतं.

आयडाहोच्या मेंढ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांच्या पोटात असं कोकरू होतं त्यातल्या काही मेंढ्या दिवस भरले तरी व्यायच्या नाहीत. आठवडेच्या आठवडे उलटायचे, कोकरू आत वाढत राहायचं आणि शेवटी मेंढी मरायची. अशा कोकरांच्या मेंदूखालची पियुषिका ग्रंथी घडलेलीच नसायची. म्हणजे जन्माची वेळ कोण ठरवतं? आई नाही. पोटातलं पिल्लू. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी 1960 च्या दशकात मेंढ्यांवरच प्रयोग करून हे पक्कं केलं : गर्भाची पियुषिका निकामी केली तर कळा येत नाहीत. त्याच कामात त्यांच्या लक्षात आलं की स्टेरॉइड दिलेल्या गर्भाची फुप्फुसं लवकर तयार होतात. 1972 मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी माणसांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. आज अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची चिन्हं दिसली की ग्रामीण रुग्णालयातही आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देतात, त्याचं मूळ या मेंढ्यांत आहे. तुमच्या ओळखीतलं एखादं आठव्या महिन्यात जन्मलेलं पोर आज शाळेत जात असेल, तर त्याच्यामागे न्यूझीलंडच्या मेंढ्या उभ्या आहेत.

लोगनच्या प्रयोगशाळेत रिचर्ड कीलर यांनी त्या झाडातला नेमका पदार्थ वेगळा काढला. 1960 च्या दशकाच्या शेवटी त्याची रचना कळली. नाव ठेवलं सायक्लोपामीन. ग्रीक पुराणातल्या एका डोळ्याच्या सायक्लॉप्स राक्षसावरून. मेंढपाळांचा प्रश्न सुटला होता. पदार्थाचं नाव कपाटात गेलं. जवळपास तीस वर्षं.

मधल्या काळात दुसरीकडेच एक धागा विणला जात होता. 1980 मध्ये क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीच्या अळ्यांवर काम करताना असे जनुक शोधले जे शरीराचा आराखडा ठरवतात. त्यातला एक बिघडला की अळी काटेरी दिसते, म्हणून त्याचं नाव हेजहॉग, म्हणजे छोटा काटेरी प्राणी. (दोघांना 1995 चं नोबेल मिळालं.) पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याची भावंडं सापडली, त्यातल्या एकाला संशोधकांनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचं नाव दिलं : सॉनिक हेजहॉग. 1996 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फिलिप बीची यांच्या चमूने हा जनुक नसलेले उंदीर तयार केले. ते जन्मले एका डोळ्याचे.

आता दोन टोकं जुळली. डोळ्यांची जागा सुरुवातीला कपाळावर मधोमध एकच असते. मेंदूच्या खालून एक रासायनिक निरोप येतो : ‘मधून फाट, दोन हो.’ तो निरोप म्हणजे सॉनिक हेजहॉग. निरोप नसेल तर मेंदूही फुटत नाही, डोळाही फुटत नाही. आयडाहोच्या मेंढीने चौदाव्या दिवशी खाल्लेला पाला नेमका हाच निरोप अडवत होता. 1998 मध्ये बीची यांच्या चमूने ते दाखवलं.

आणि पुढची पायरी. जो निरोप गर्भात पेशींना वाढवतो, तोच मोठेपणी चुकून चालू राहिला तर? त्वचेच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये नेमकं हेच होतं. म्हणजे तो निरोप अडवणारा पदार्थ हवा. सायक्लोपामीन स्वतः औषध म्हणून सोयीचं नव्हतं, पण दाबायची कळ कोणती ते त्याने दाखवून दिलं होतं. तीच कळ दाबणारं व्हिस्मोडेगिब हे औषध अमेरिकेत जानेवारी 2012 मध्ये मंजूर झालं. त्याच्या वेष्टनावर सर्वांत ठळक इशारा कोणता? गरोदर स्त्रीने घेऊ नये. औषध घेणाऱ्याने रक्तदानही करू नये, कारण ते रक्त गरोदर बाईला चढलं तर धोका. डोंगरातल्या मेंढीने दिलेला इशारा डबीवर छापला गेला.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रत्येक व्यंगाचं कारण झाड नसतं. दुतोंडी वासराची गोष्ट वेगळी, तिथे गर्भाची विभागणीच अर्धवट झालेली असते. काही व्यंगं वंशातून येतात. आणि काही चिलटांमुळे. जपानमध्ये 1972 ते 1975 या काळात 40 हजारांहून जास्त वासरं वाकड्या सांध्यांची, मेंदूच्या जागी पाणी भरलेली जन्मली किंवा पोटातच गेली. कारण निघालं अकाबाने विषाणू, चावणाऱ्या किटकांमार्फत पसरणारा. 2011 च्या उन्हाळ्यात जर्मनी-नेदरलँडच्या सीमेवर गाईंना ताप आला, दूध घटलं. शास्त्रज्ञांनी नोव्हेंबरपर्यंत नवा विषाणू ओळखला आणि त्या भागातल्या श्मालेनबर्ग गावाचं नाव त्याला दिलं. त्या हिवाळ्यात वाकडी कोकरं जन्मू लागली तेव्हा कारण आधीच माहीत होतं. हा फरक कशाने पडला? शेतकऱ्याने ‘दूध कमी झालंय, ताप आहे’ एवढं कळवलं आणि कुणीतरी ते ऐकून नमुने तपासले, याने.

आपल्याकडे? मेंढ्यांची निळी जीभ हा चिलटांनी पसरणारा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तो 1964 मध्ये, महाराष्ट्रातच. याच रोगाची जिवंत लस 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात गाभण मेंढ्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत दिली गेली, तेव्हा मेंदू बिघडलेली कोकरं जन्मली होती. लस वाईट म्हणून नव्हे, दिवस चुकला म्हणून. पुन्हा तोच मुद्दा : तारीख.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. असं पिल्लू जन्मलं तर आधी पूजा नको आणि आधी फोटोही नको. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 ला फोन करा. मेलं तर लगेच पुरू नका, डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवा : फळल्याची किंवा रेतनाची तारीख, त्या महिन्यात जनावर कुठे चरत होतं, कोणतं औषध-लस झाली, ताप आला होता का. गाई-म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा आकड्यांचा नंबर आहे, त्यावर रेतनाची नोंद असेल तर ती काढता येते. रानोमाळ फिरणाऱ्या धनगराच्या कळपाला ही सोय नाही. त्याच्याकडे वाट आणि मुक्काम लक्षात असतात, तेवढं तरी कुणीतरी विचारून लिहून घ्यायला हवं. हे काम खात्याचं आहे. एकाच गावात, एकाच हंगामात अशी तीन पिल्लं निघाली, तर ती तीन वेगवेगळ्या ‘चमत्कारां’च्या बातम्या न राहता एका कागदावर एकाखाली एक यायला हवीत. तसा कागद नसेल तर तो सुरू करा, अशी मागणी ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत करता येते.

आणि एक, जनावरांपलीकडचं. ग्रहणात विळी हातात धरली म्हणून पोराचा ओठ फाटला, असं अजून बाळंतिणीला ऐकवलं जातं. आयडाहोत मेंढ्याच्या वंशाला दोष दिला गेला, जर्मनीत आयांवर संशय घेतला गेला, आपल्याकडे सुनेवर. तिन्हीकडे दोष देणाऱ्यांनी तपास केलेला नव्हता. ज्यांनी तपास केला त्यांना दोष द्यायला कुणी सापडलं नाही, कारण सापडलं.

तुमच्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांत असं काही घडलं असेल तर मला जरूर कळवा. नाव छापणार नाही, गावही नाही. फोटो नसला तरी चालेल. तारीख आणि कुरण सांगा.